शनिवारी संपवलेलं काम

मार्चच्या शेवटच्या शनिवारी आमच्या शेणकाल्याच्या हौदात काठाखाली चार बोटं जागा उरली होती. माझी भाची मार्लिस काठावर उकिडवी बसून फावड्याच्या दांड्यानं ती मोजत होती. तिचे वडील, म्हणजे माझे मेहुणे एव्हर्ट, गोठ्याच्या दारात उभं राहून आभाळाकडे बघत होते. आभाळ तेवढ्यापुरतं स्वच्छ होतं.

ऐंशी गाईंचं हिवाळाभराचं शेणमूत त्या हौदात होतं. पानगळीच्या दिवसांत शेतं इतकी चिबड झाली होती की ट्रॅक्टर घालायची सोय नव्हती. मग बर्फ पडलं, आणि हौद तसाच राहिला.

"उद्या दोन इंच पाऊस सांगितलाय," मार्लिस म्हणाली. "छपरांचं पाणीही यातच येतं. दुपारपर्यंत काठावरून वाहायला लागेल."

"म्हणून आज रिकामा करायचा."

"टाकायचा कुठे?"

"उतारावर."

उतार म्हणजे ओढ्याकडचं शेत. हौदापासून सर्वांत जवळचं.

"बाबा, वरची चार बोटं माती तेवढी मऊ झालीय. खाली अजून दगडासारखं गोठलेलं आहे. टाच मारून बघा. पाणी मुरणार कुठे? सगळं ओढ्यात जाईल."

"मग काय तुझ्या खोलीत आणून ओतू?"

"वरच्या सपाट शेतात टाकू."

"दोन मैल आहे ते. चिखलातून एका खेपेला तास. सतरा खेपा आहेत, सतरा. आज होतात का, सांग."

"आज होतील तेवढ्या करू. उरलेल्या उद्या."

एव्हर्टनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं घरात शिवी दिली होती. आमच्या अंगणात रविवारी गाईंची धार काढतात, त्यांना चारा घालतात. त्यापलीकडे कुठलं यंत्र चालू होत नाही. बटाटेसुद्धा शनिवारी सोलून पाण्यात ठेवतात, बूट शनिवारी पुसतात. एव्हर्टच्या वडिलांच्या वेळी असंच होतं, त्यांच्या वडिलांच्या वेळीही.

"मामांना विचारा," मार्लिस उठली. "मामा मंडळीचे वडील आहेत. मामा, बैल विहिरीत पडला तर शब्बाथाच्या, विसाव्याच्या दिवशीही काढायचा, हे प्रभूनंच सांगितलंय ना? मग हा हौद म्हणजे बैलच समजा."

मी वासरांच्या दुधाच्या बादल्या घेऊन चाललो होतो. मी एकटा माणूस. एकतीस वर्षं गावातल्या ख्रिस्ती शाळेत शिकवलं. निवृत्त झाल्यावर बहिणीच्या घरी वरच्या खोलीत पुस्तकं लावली आणि वासरांचं काम अंगावर घेतलं. मंडळीनं, म्हणजे आमच्या चर्चनं, मला वडील म्हणून, तिच्या कारभारी पंचांत, का निवडलं, हे मला कधी नीट कळलं नाही. बहुधा माझं अक्षर चांगलं आहे म्हणून.

मार्लिसचं बरोबर होतं. ते मला तेव्हाच, बादल्या हातात असतानाच कळलं होतं. हे आधी सांगितलं पाहिजे.

पण दोन वर्षांपूर्वी ओढ्यापलीकडच्या वीबे पोस्टमानं एका रविवारी दुपारी सोयाबीन काढलं होतं. रात्रीतून बर्फ येणार होतं आणि पीक उभं होतं. वडीलमंडळाची बैठक झाली, त्याला समज द्यायचं ठरलं. ते पत्र माझ्या अक्षरात आहे, खाली माझी सही आहे. आता आपल्या घरची वेळ आल्यावर बैल कुठून काढायचा? आणि एव्हर्ट माझ्याकडे बघत होते. त्यांच्या घरात मी राहतो.

"बैल अचानक पडतो, मार्लिस," मी म्हणालो. "हा पाऊस शनिवारीच दिसतोय. शनिवारी दिसतं त्याची तयारी शनिवारीच करायची."

"झालं," एव्हर्ट म्हणाले. "मास्तर बोलले."

मार्लिस माझ्या अगदी जवळ आली. "हे तुम्ही मनापासून बोललात?"

वासरं ओरडत होती. मी त्यांच्याकडे गेलो.

दिवसभर टँकर चालला. हौदात पंपाचा पाइप टाकायचा, टाकी भरली की ट्रॅक्टर अंगण ओलांडून फाटकातून उतारावर, आणि मागच्या तोंडातून काळपट हिरवी चादर जमिनीवर पसरत जायची. एव्हर्ट पंपापाशी आणि मार्लिस ट्रॅक्टरवर. मी फाटक उघडायचो नि लावायचो. दुपारी फेनानं, माझ्या बहिणीनं, ब्रेडमध्ये मांस घालून आणलं, ते आम्ही उभ्याउभ्या खाल्लं. मार्लिस ट्रॅक्टरवरून उतरली नाही. पाइपाचा जोड एकदा सुटला आणि एव्हर्ट छातीपर्यंत माखले. हसावं असा प्रसंग होता, पण कुणी हसलं नाही. आठव्या खेपेनंतर चाकांखालून पाणी दिसायला लागलं. माती पीत नव्हती. मी ते फाटकातून पाहिलं.

अंधार पडता पडता सतरावी खेप झाली. एव्हर्टनी टँकर धुतला, पंप धुतला, स्वतःला धुतलं. फेना स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती.

"झालं का सगळं?" तिनं विचारलं.

"झालं. उद्याला काही ठेवलं नाही," एव्हर्ट म्हणाले. समाधानानं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये दुसरं स्तोत्र गाताना पाऊस आला. आधी छपरावर खडे टाकल्यासारखा, मग पाळक डेक्स्ट्रांचा आवाज बुडवील असा. उपदेश सुरू होताना नेहमीप्रमाणे फेनानं पेपरमिंटच्या गोळ्या बाकावरून पुढे दिल्या. एव्हर्टनी गोळी तोंडात टाकली, मीही टाकली. मार्लिसच्या तळहातात तिची गोळी तशीच राहिली. ती खिडकीकडे बघत होती. काचेवरून पाणी पडद्यासारखं उतरत होतं. शेवटी पाळकांनी सांगितलं, पुढच्या रविवारी प्रभुभोजन आहे, एकाच मेजावरची भाकर सगळ्यांनी वाटून खायची. या आठवड्यात प्रत्येकानं आपलं अंतःकरण तपासावं. कुणाशी बिघडलेलं असेल तर मिटवून मगच मेजाकडे यावं. हे दर तीन महिन्यांनी सांगतात. मी ते इतक्या वेळा ऐकलंय की ऐकू येत नाही.

त्या दिवशी मात्र ऐकू आलं.

सोमवारी सकाळी मी आणि मार्लिस ओढ्यावर गेलो. उतार स्वच्छ होता, कुणी झाडून काढल्यासारखा. पाणी चहाच्या चोथ्याच्या रंगाचं होतं आणि कडेकडेनं फेस. मासे पहिल्यांदा दिसले नाहीत. मग मार्लिस म्हणाली, "मामा, गवतात बघा," आणि मग ते सगळीकडे दिसायला लागले. बोटाएवढे, पोटाला नारिंगी पट्टा असलेले. मोठ्या डोक्याचे, तळाशी दगडाखाली राहणारे. हातभर लांबीचे ओठाळ मासे, पोटं वर करून वळणावर अडकलेले. नांगीवाले झिंगे पाण्याबाहेर येऊन काठाच्या चिखलात निपचित पडले होते. त्यांना चालता येतं, म्हणून ते बाहेर आले होते.

दर मे महिन्यात मी सहावीच्या मुलांना इथे आणायचो. विजारी गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभी करायचो. नारिंगी पट्ट्याचा मासा ओंजळीत धरायला लावायचो. पृथ्वी प्रभूची आहे, आपण राखणदार आहोत, राखणदारानं मालकाच्या वस्तूची नासाडी केली तर त्याला काय म्हणायचं? मुलं एका सुरात म्हणायची, "चोर!" मार्लिसही त्यांच्यात होती. पंचवीस वर्षं झाली असतील.

आम्ही शेण उचलायच्या काट्यानं मासे बादलीत गोळा केले. तीन बादल्या झाल्या, मग आम्ही थांबलो, कारण त्यानं काहीच फरक पडत नव्हता.

"मी ट्रॅक्टर चालवला," मार्लिस म्हणाली. "आठव्या खेपेला मला दिसत होतं. मी थांबायला हवं होतं."

"मी सांगितलं नसतं, तर—"

"हो, तुम्ही सांगितलं नसतं तर बरं झालं असतं." ती रडत नव्हती. "पण चालवला मी."

मंगळवारी सरकारी माणूस आला. तरुण होता, गमबूट नवे होते. त्यानं काठानं शंभर पावलं मोजली, तेवढ्यातले मेलेले मासे मोजले, वहीत लिहिले, मग पुढच्या मैलाचा हिशेब त्यावरून केला. खाली गावापर्यंत ओढा मेला होता. वर, आमच्या आणि वीबेच्या शेतांच्या वर, पाणी स्वच्छ होतं. म्हणजे आम्ही दोघंच. वीबेचा हौद तर ओढ्यापासून वीस पावलांवर, जुना, त्याच्या आजोबांनी बांधलेला.

तो आमच्या अंगणात आला तेव्हा मी गोठ्यात होतो. दारातून सगळं दिसत आणि ऐकू येत होतं.

"तुम्ही काला कधी पसरलात?"

"गेल्या आठवड्यात," एव्हर्ट म्हणाले.

"जमीन मोकळी होती?"

"वरून मऊ होती."

एव्हर्ट आयुष्यात खोटं बोलल्याचं मला आठवत नाही. तेव्हाही ते बोलले नाहीत. शनिवार गेल्याच आठवड्यातला होता, आणि जमीन वरून मऊच होती. त्या पोरानं लिहून घेतलं, उताराकडे पाहिलं, उतार धुतलेला होता. "पोस्टमांचा हौद फार जवळ आहे ओढ्याला," तो जाता जाता म्हणाला. एव्हर्टनी त्याला फाटक उघडून दिलं.

बुधवारी वडीलमंडळाची बैठक बसली. गावात तोवर सगळ्यांच्या तोंडी वीबे होता. आरी कोइमन, पशुखाद्याचं दुकान चालवतो तो, खुर्चीत नीट बसायच्या आतच म्हणाला, "ज्याला रविवार राखता येत नाही, त्याला हौद काय राखता येणार?" दोघं हसले. पाळक हसले नाहीत. ते म्हणाले, "आपल्याला ठाऊक नाही. प्रभुभोजनाआधी कुणीतरी जाऊन त्याला विचारावं. प्रेमानं."

"मी जातो," आरी म्हणाला. "आणि मास्तरांना घेऊन जातो. मास्तर सौम्य आहेत."

मी मान खाली घातली. सगळ्यांना ती संमती वाटली.

गुरुवारी दुपारी आम्ही वीबेकडे गेलो. वडील घरी येणार म्हटल्यावर गर्टीनं, त्याच्या बायकोनं, मेजावर इस्त्री केलेलं कापड घातलं होतं. बदामाचा केक कापून ठेवला होता. वीबे अंगानं मोठा, हात कुऱ्हाडीच्या दांड्यासारखे. तो खुर्चीच्या कडेवर बसला, परीक्षेला बसल्यासारखा.

"वीबे," आरी म्हणाला, "आम्ही का आलोय ते तुला माहीत आहे."

"आहे."

"काही सांगायचंय?"

वीबेनं कपातली कॉफी ढवळली. त्यात साखर नव्हती. "मी काला पसरला नाही. नोव्हेंबरपासून टँकर बाहेर काढला नाही. पण—"

"पण?"

"हौद जुना आहे. हिवाळ्यात उत्तरेकडची भिंत फुगलीय की काय असं मला वाटत होतं. बघू, बघू म्हणून बघितलं नाही. आता पाणी कमी झालंय का हौदातलं, ते मला कळत नाही. पावसाचंही पडलं ना त्यात." त्यानं वर पाहिलं. "आरी, माझंच असेल. माझं नाही, असं मी शपथेवर म्हणू शकत नाही."

"अहो, तुम्ही काल तर म्हणत होता, आपलं नाही म्हणून—" गर्टी म्हणाली.

"काल म्हणत होतो. आज नाही म्हणत." तो माझ्याकडे वळला. "मास्तर, तुम्ही त्या ओढ्यावर आमच्या पोरांना शिकवलंत. माझ्या धाकट्यानं तो नारिंगी मासा बाटलीत घालून घरी आणला होता, आणि तुम्ही त्याला परत सोडायला लावलंत. आठवतं?"

"आठवतं," मी म्हणालो. केकचा एक घास तोंडात टाकला.

"परवा मी ते बघितलं काठावर. तेव्हापासून मला झोप नाही. रविवारी मी मेजाकडे येणार नाही. माझं नक्की झाल्याशिवाय नाही येणार. गर्टी येईल हवं तर."

"हे योग्य बोललास, वीबे," आरी म्हणाला. खरंच भारावून गेला होता तो.

वडिलांची भेट प्रार्थनेनं संपते. आरीनं माझ्याकडे पाहिलं. तो सहसा मलाच सांगतो, कारण मला शब्द सुचतात. बोलायचं असतं तर ती वेळ होती. चौघांनी डोळे मिटले होते, चौघांचे हात इस्त्रीच्या कापडावर होते, आणि मी बोलत होतो. मी काय म्हणालो? या घराला शांती दे. तुझ्या लेकराच्या मनावरचा भार हलका कर. जे झाकलेलं आहे ते उजेडात आण. असं सवयीनं तोंडात येत गेलं. आमेन म्हणून मी डोळे उघडले, तर वीबेनं माझा हात दोन्ही हातांत धरला होता.

शुक्रवारी जेवणानंतर एव्हर्टनी नेहमीप्रमाणे शास्त्राचा अध्याय वाचला आणि पुस्तक मिटलं. मार्लिस उठली नाही.

"वीबेकाका हौदाभोवती खणतायत," ती म्हणाली. "सकाळपासून. ओढ्याच्या अलीकडून दिसतं. फट शोधतायत."

"शोधू दे. जुना हौद आहे, बघायलाच हवा होता."

"बाबा, तिथे फट नाही. तुम्हाला माहीत आहे."

"तुला काय माहीत, नाही ते? तो स्वतः म्हणतोय, माझंच असेल. मास्तरांसमोर म्हणाला. म्हणाला ना, मास्तर?"

"म्हणाला," मी म्हणालो. "पण एव्हर्ट, आपण—"

"आपण काय? आपण रविवार राखला. देवाचा दिवस देवाला दिला. त्यात काय पाप केलं? पाऊस आपण पाडला?" आवाज चढला, मग खाली आला. "आणि तुम्हाला एवढं वाटत होतं, तर त्याच्या स्वयंपाकघरात बसून केक खाल्लात तेव्हा का नाही बोललात?"

मी माझं ताट पुढे सरकवलं. फेना ताटं उचलत होती. एव्हर्टचं ताट उचलताना ती म्हणाली, "एव्हर्ट." एवढंच. त्यांनी मान वळवली, आणि मला दिसलं की त्यांनाही चार दिवस झोप नव्हती.

शनिवारी मी पूल ओलांडून वीबेकडे गेलो. कुणाला सांगितलं नाही. हौदाच्या तीन बाजूंनी चर खणला होता, कमरेइतका खोल, आणि चौथ्या बाजूला वीबे त्यात उभा राहून खणत होता. सुती हातमोजे फाटून बोटं बाहेर आली होती. चिखल खोऱ्याला चिकटत होता, प्रत्येक खेपेला त्याला तो पायानं सोडवावा लागत होता.

"मास्तर!" तो म्हणाला. "बघा, अजून काही सापडलं नाही. भिंत ठीकच वाटतेय. पण या कोपऱ्यात असेल."

"वीबे, वर ये."

"एवढा कोपरा झाला की येतो."

"नाही सापडणार. काला आमचा होता."

खोरं मातीत गेलं ते तिथेच राहिलं.

मी सगळं सांगितलं. उतार, सतरा खेपा, आठव्या खेपेचं पाणी. मार्लिसचं रविवारी काम करू म्हणणं सांगितलं, बैलाचं सांगितलं. मी काय उत्तर दिलं ते शब्द न शब्द सांगितलं. आणि का दिलं तेही, म्हणजे दोन वर्षांपूर्वीच्या त्या पत्रामुळे. हे सगळं बोलत असताना मी हौदाच्या काठाकडे बघत होतो.

त्यानं खोऱ्याचा दांडा सोडला. मग म्हणाला, "तुम्ही गेल्यावर गर्टी रडली. म्हणाली, मास्तरांनी किती छान प्रार्थना केली."

मी चराच्या काठावरचं एक ढेकूळ पायानं मोडलं.

"त्या वर्षी सोयाबीन गेलं असतं तर मला गाई विकाव्या लागल्या असत्या. ते मी बैठकीत सांगितलं होतं. तुम्ही लिहून घेत होता." त्यानं हातमोजा काढला, त्यातला चिखल झटकला. "आणि तुमच्या घरची पोर हेच म्हणाली, तर तुम्हाला माझं पत्र आठवलं."

"हो."

"क्षमा मागायला आलात?"

"हो."

"इथे नाही." तो चराच्या भिंतीला हात लावून वर यायला लागला. मी हात पुढे केला. तो त्यानं घेतला नाही, गुडघ्यावर भार देऊन, कण्हत वर आला. "इथे मला सांगून काय होतंय? मी काय करणार, तुम्हाला मारणार? उद्या तिथे सांगा. लोकांसमोर. काल्याचं सांगा, आणि रविवारचंही सांगा. त्या पत्रानं दोन वर्षं लोक माझ्याकडे कसं बघतात, ते तुम्हाला माहीत नाही. सांगाल?"

"सांगेन."

"मग मी तुमच्या शेजारी बसून भाकर खाईन," वीबे म्हणाला, आणि घराकडे गेला.

घरी आल्यावर मी एव्हर्टना सांगितलं की मी वीबेला सगळं सांगून आलोय. ते ओरडले नाहीत. धारेची वेळ झाली होती, त्यांनी डोक्यावर टोपी घातली. दारात थांबून म्हणाले, "शेत माझं आहे. उद्या मी बोलेन."

"मीही बोलणार आहे."

"तुम्ही?" ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, नवल होतं. "बघा."

रविवारी प्रभुभोजनाआधी पाळकांनी विचारलं, कुणाला मंडळीपुढे काही सांगायचं आहे का. हे विचारायची पद्धत आहे, उत्तर कुणी देत नाही. एव्हर्ट उभे राहिले. टोपी घातल्याची वळी त्यांच्या केसांत होती.

"ओढ्यात गेलं ते आमच्या हौदातलं होतं," ते म्हणाले. "वीबेचं नाही. मी गोठलेल्या जमिनीवर टाकलं. सरकारी माणसानं विचारलं तेव्हा मी नीट सांगितलं नाही. उद्या त्याला फोन करतो. वीबे, मला क्षमा कर. प्रभूची वस्तू होती ती, मी नासली." आणि ते बसले. फेनानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मार्लिस रडत होती, तोंड न झाकता.

माझ्याबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत.

मी उभा राहिलो. प्रभुभोजनाच्या दिवशी वडिलांची जागा पुढे, मेजाच्या बाजूला असते, म्हणजे सगळी मंडळी माझ्यासमोर होती. तिसऱ्या बाकावर वीबे, कॉलर घट्ट, नखांत अजून माती. तो माझ्याकडे बघत होता. मी मनात वाक्य तयार करून आणलं होतं. शनिवारी काम संपवा असं मी सांगितलं, कारण वीबेला आपण जी समज दिली ती चुकीची होती, हे कबूल करायचं धैर्य मला नव्हतं. वाक्य लांब होतं. मी तोंड उघडलं. एकतीस वर्षं मी फक्त मुलांसमोर बोललोय. मुलं चोर म्हणाली की मला बरं वाटायचं, कारण ती दुसऱ्या कुणाला म्हणत असायची. ओठ हलले. आवाज आला नाही.

पुढच्या बाकावरची म्हातारी डोळे पुसत माझ्याकडे बघून मान हलवत होती. सगळ्यांना वाटलं, मास्तर मेहुण्याच्या पाठीशी उभे राहिले. आरीनं माझ्या दंडावर थोपटलं. पाळकांनाही तसंच काहीतरी वाटलं असावं, किंवा मी वाटप करायला उठलोय असं वाटलं. त्यांनी भाकर मोडली, आशीर्वादाचे शब्द म्हटले, आणि पहिली थाळी माझ्याच हातात दिली.

मी तेव्हाही ती खाली ठेवू शकलो असतो.

एका बाजूची बाकं आरीनं वाटायची, दुसऱ्या बाजूची मी; आमचं बाक आरीच्या बाजूला होतं. मी पहिल्या बाकाला थाळी दिली, मग दुसऱ्याला. तिसऱ्या बाकाच्या टोकाला वीबे बसला होता. मी थाळी पुढे केली. त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, वाट बघितल्यासारखं. अजूनही वेळ आहे, असं. ऑर्गन हळू वाजत होता. मी कुजबुजलो असतो तरी त्याला चाललं असतं, असं मला आता वाटतं, पण मला काय वाटतं त्याला काही अर्थ नाही.

वीबेनं मान खाली घातली. ज्याच्या मनात भावाविषयी काही उरलंय त्यानं खायचं नाही, हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं होतं. त्यानं थाळीतलं काही उचललं नाही. ती गर्टीकडे दिली. गर्टीनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि हात न लावता थाळी परत केली. त्या बाकावर दोघंच होती.

थाळी माझ्या हातात आली तेव्हा तिच्यात भाकरीचे तुकडे होते तेवढेच होते. चौथ्या बाकावरचे लोक हात पुढे करून थांबले होते. मी त्यांच्याकडे गेलो.